आईच्या पंखाखालचा अंधार

प्रश्न आमचा नव्हता. तो सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका विज्ञान शिक्षकांचा होता, आणि खरे तर त्यांचाही नव्हता, त्यांच्या आईंचा होता. शिक्षक-प्रशिक्षणाच्या एका शिबिरात जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो आम्हाला सांगितला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी एक दिवसाची शंभर पिल्ले आणून ठेवली होती. ब्रूडर केला, बल्ब लावले, तूस पसरले. आठव्या दिवशी सकाळी पाहतात तो पाच-सहा पिल्ले शेपटीपाशी रक्तबंबाळ झालेली आणि बाकीची त्यांच्यामागे धावून टोचे मारताहेत. संध्याकाळपर्यंत त्यांतली तीन मेली. ते पाहून आई म्हणाल्या, "कोंबडीखालची पिल्लं एकमेकाला खाल्ल्याली मी कधी बघितली न्हाईत. ही बल्बाखालचीच का खात्यात?"

आम्ही पुस्तकातले उत्तर दिले. जागा कमी पडली असेल, उष्णता जास्त झाली असेल, खाद्यात मीठ कमी असेल. शिक्षकांनी शांतपणे सांगितले, की जागा पुरेशी होती, तापमापी टांगलेली होती आणि खाद्य नेहमीचेच होते. मग आम्ही गप्प बसलो. आमचे स्वतःचे काम जीवरसायनशास्त्रातले. कोंबडी आम्हाला माहीत ती परीक्षानळीतल्या प्रथिनांपुरती किंवा ताटातली. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून पुढचे काही महिने मिळेल ते वाचले. त्यातून जो इतिहास हाती आला तो आमच्या अपेक्षेपेक्षा बराच मजेदार निघाला. तोच येथे मांडतो.

आधी आईंच्या आठवणीतली कोंबडी पाहू. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते. अंडी घालणे थांबते, अंगाला ताप आल्यासारखी ऊब चढते, कोणी जवळ आले तर ती पिसे फुलवून गुरगुरते. घरातली बाई तिला टोपलीत भुसा घालून अंड्यांवर रवणीला बसवते. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात. पुढचे काही आठवडे ती आईबरोबर उकिरड्यावर हिंडतात. आई पायाने माती उकरते, दाणा किंवा किडा दिसला की विशिष्ट आवाज काढून तो चोचीने उचलते आणि खाली टाकते. पिल्ले धावत येऊन तो टिपतात. थोडा वेळ हिंडून झाले की आई बसते आणि सगळी पिल्ले एकदमच तिच्या पंखांखाली शिरतात. रात्री हेच कुटुंब डालग्याखाली. या व्यवस्थेचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. घार, मुंगूस आणि मानमोडीची साथ यांतून निम्मी पिल्ले वाचली तरी नशीब समजत. मात्र ती एकमेकांच्या चोचीने मरत नसत, हे आईंचे निरीक्षण खरे आहे.

ही कोंबडी मागे पडली ती तिच्या खुडूकपणामुळेच. जी आठवडेच्या आठवडे अंड्यांवर बसून राहते ती त्या काळात अंडी देत नाही. पांढरी लेगहॉर्न ही जात निवडीच्या मार्गाने अशी घडवली गेली, की ती सहसा खुडूक होतच नाही. अंडी भरपूर देते, पण ती उबवायला आणि पिल्ले सांभाळायला मात्र दुसरे कोणीतरी लागते. अंडी उबवण्याचे काम यंत्राकडे गेले. महाराष्ट्रात खडकी, कोल्हापूर अशा ठिकाणी सरकारी अंडी उबवणी केंद्रे आली. 1971 साली पुण्यात डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. 1982 साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि अंड्याचा भाव ठरवण्यात उत्पादकाला आवाज मिळाला. आमच्या या दोन जिल्ह्यांच्या पूर्वेकडचे माण, खटाव, खानापूर, आटपाडी हे तालुके अवर्षणप्रवण. जिथे विहिरीवर ऊस होत नाही तिथे पत्र्याची शेड उभी करता येते. विट्याचा परिसर आज अंड्यांच्या कोंबड्यांसाठी ओळखला जातो, त्याच्यामागे ही कोरडी जमीनही आहे.

यंत्राने अंडी उबवणे सोपे होते असे नाही, पण ते जमले. पिल्लू दूर पाठवणे तर निसर्गानेच सोपे करून ठेवले आहे. अंड्यातून निघण्याच्या आदल्या दिवसांत पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते, त्यामुळे दोन-तीन दिवस त्याला दाणापाणी मिळाले नाही तरी ते तग धरते. याच भांडवलावर अमेरिकेच्या टपाल खात्याने 1918 पासून एक दिवसाची पिल्ले पार्सलने न्यायला सुरुवात केली. आमच्या लहानपणी, म्हणजे 1990 च्या आसपास, एस.टी. स्टँडवर भोके पाडलेली पुठ्ठ्याची खोकी उतरत आणि सगळा फलाट चिवचिवत असे. खोके उघडले की खरी अडचण सुरू होई. शंभर पिल्ले आणि आई एकही नाही.

आईऐवजी काय ठेवावे, हा प्रश्न युरोपात फार पूर्वी पडला होता. रोमर हे नाव तापमापीमुळे आपल्या परिचयाचे आहे. सेल्सिअस आणि फॅरनहाइटच्या बरोबरीने एके काळी त्यांचीही मोजपट्टी पाठ्यपुस्तकात असे. या फ्रेंच शास्त्रज्ञाने कुजत्या शेणखताच्या उबेवर अंडी उबवण्याचे प्रयोग केले आणि 1749 साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यात 'कृत्रिम आई'ही आहे. ही आई म्हणजे बुटकी, उतरत्या छपराची एक पेटी, आतून मेंढीचे लोकरी कातडे लावलेली. पिल्ले आत शिरली की पाठीला लोकर लागे, ऊब मिळे. आत अंधार असे. हा अंधार रोमर यांनी मुद्दाम योजला होता की कातड्याच्या पेटीत तो आपोआपच आला, हे सांगता येणार नाही. पण तो होता, एवढे लक्षात ठेवू.

पुढे रॉकेलचे स्टोव्ह आले, कोळशाच्या शेगड्या आल्या आणि शेवटी विजेचा बल्ब आला. आपल्याकडचा नेहमीचा ब्रूडर शिक्षकांनी पाहिलेला असेलच. पत्र्याची छत्री, तिच्या आत दोन-तीन बल्ब, भोवती पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे, खाली तूस आणि त्यावर पहिले काही दिवस वर्तमानपत्र. हिशेब सोपा आहे. दर पिल्लाला ऋतूप्रमाणे एक ते दोन वॅट. पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान, मग दर आठवड्याला साधारण 3 अंशांनी कमी. पिल्ले बल्बाखाली गोळा झाली तर थंडी वाजते, कड्याला चिकटून बसली तर उकडते, सगळीकडे सारखी पसरली तर ठीक.

हा हिशेब फक्त उष्णतेचा आहे, आणि तारेचा बल्ब ही मुळात उष्णतेचीच वस्तू आहे. त्याला दिलेल्या ऊर्जेचा जेमतेम विसावा भाग डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशात बदलतो, बाकी सगळी उष्णता. पण तो विसावा भागही थोडा नव्हे. शंभर वॅटच्या बल्बातून साधारण 1300 ल्युमेन प्रकाश सगळीकडे पसरतो. 45 सेंटिमीटरवर बसलेल्या पिल्लाच्या पाठीवर त्यातला किती पडेल, हे आकडेमोड करून पाहिले तर उत्तर पाचशे लक्सच्या वर येते, आणि पत्र्याच्या छत्रीमुळे ते आणखी वाढते. वर्गात फळा नीट दिसायला एवढा उजेड पुरतो. दहावीच्या मुलांना हे गणित करायला द्यायला हरकत नाही. 1300 ला गोलाच्या पृष्ठफळाने भागायचे, एवढेच. हा उजेड दिवसरात्र चालू असतो, कारण तो बंद केला तर ऊबही बंद होते. आई कोंबडी ऊब देत होती ती अंधारासह. बल्ब ती उजेडासह देतो. आपण उष्णता मोजली, तिच्याबरोबर काय आले ते मोजले नाही.

मोठ्या संख्येने कोंबड्या पाळणाऱ्यांना टोचाटोचीचा त्रास होताच, आणि त्यावरचे पहिले उपाय वाचून हसू येते. 1903 साली टेनेसी राज्यातील अँड्र्यू जॅक्सन नावाच्या गृहस्थाने कोंबडीच्या चष्म्याचे पेटंट घेतले. दुसरीच्या टोचण्यापासून हिचे डोळे वाचावेत, हा हेतू. पुढे लाल काचेचे चष्मे निघाले. लाल काचेतून सगळेच लाल दिसते, मग रक्ताचा थेंब वेगळा उठून दिसत नाही, असा तर्क. अमेरिकेत असे चष्मे खरोखर विकले गेले. 1989 साली तर कोंबड्यांसाठी लाल कॉन्टॅक्ट लेन्सही बाजारात आली, पण कोंबड्यांच्या डोळ्यांना त्रास होऊ लागला आणि ती फसली. लाल बल्ब हे त्याच तर्काचे स्वस्त रूप, आणि ते आजही वापरात आहे. तर्क चुकीचा नाही. कोंबडीला रंग उत्तम दिसतात, आपल्यापेक्षाही एका जास्त प्रकारच्या शंकुपेशी तिच्या डोळ्यात असतात आणि रक्ताचा लाल रंग तिला टोचायला बोलावतो. म्हणूनच जखमी पिल्लाला बाजूला काढून जांभळे जेन्शियन व्हायोलेट लावतात, लाल औषध लावू नये. मात्र हे सगळे रक्त निघाल्यानंतरचे उपाय. पहिला टोचा का बसला, ते यात कुठेच नाही.

दुसरा मार्ग चोच कापण्याचा. 1930 च्या दशकात अमेरिकेतील ओहायोच्या कृषी प्रयोग केंद्रात त्यावर काम झाले. 1940 च्या सुमारास कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळच्या एका शेतकऱ्याने ब्लो-टॉर्चने चोची जाळायला सुरुवात केली, त्याच्या शेजाऱ्याने त्यासाठी डाग देण्याची इस्त्री वापरली आणि त्यातूनच तापत्या पात्याचे यंत्र तयार झाले. तेच यंत्र जगभर पसरले आणि आपल्याकडेही आले. अंड्यांच्या कोंबड्यांची चोच आठव्या-दहाव्या दिवशी आणि पुन्हा तलंगा दहा-बारा आठवड्यांच्या झाल्यावर कापण्याची पद्धत इकडे रूढ आहे. हे काम करणारे कारागीर यंत्र घेऊन शेडोशेड फिरतात, मजुरी पक्ष्यामागे ठरते, आणि त्यांचा हात इतका बसलेला असतो की पाहणाऱ्याला पात्यावर धूर तेवढा दिसतो.

चोच म्हणजे नख, ते कापले तर काय झाले, अशी बहुतेकांची समजूत होती. 1965 साली ब्रिटनमधील ब्रँबेल समितीने चोच कापणे बंद करावे अशी शिफारस केली, ती बाजूलाच राहिली. 1985 साली एडिंबरामध्ये ब्रुअर्ड आणि जेंटल या दोघा संशोधकांनी कापलेल्या चोचीच्या थोटकातील चेतातंतू तपासले. तेथे तंतूंच्या गाठी झालेल्या आढळल्या आणि त्यांतून काहीही स्पर्श नसताना आपोआप विद्युत-संदेश निघत होते. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायात कळा येतात, त्यामागे अशाच गाठी असतात. ते पक्षी मोठ्या वयाचे होते. अगदी लहानपणी थोडी चोच कापली तर गाठी फारशा होत नाहीत असे नंतर दिसले, त्यामुळे वाद संपला नाही. पण 'नख' ही कल्पना मात्र संपली.

आता पहिल्या टोच्याकडे येऊ. येथे एका फार गाजलेल्या शोधाने थोडी दिशाभूल केली, असे आमचे मत आहे. नॉर्वेचे श्येल्डेरुप-एब्बे लहान असल्यापासून घरच्या कोंबड्यांचे निरीक्षण करीत आणि कोण कोणाला टोचते याच्या वह्या ठेवीत. 1922 साली त्यांनी ते जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. कळपात पहिली कोंबडी सर्वांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना, आणि शेवटची फक्त टोचे खाते. ही 'टोचण्याची उतरंड' इतकी लोकप्रिय झाली की कचेरीतल्या साहेबापासून मंत्रिमंडळापर्यंत ती लावली गेली. त्यानंतर कोंबड्यांतले कोणतेही टोचणे म्हणजे दादागिरी, असे सर्वांनी धरले. पण उतरंडीतले टोचणे समोरासमोर, डोक्यावर आणि तुऱ्यावर असते, आणि ती उतरंड साधारण सहा आठवड्यांनंतर तयार होऊ लागते. आठ दिवसांच्या पिल्लात कसली दादागिरी? ते टोचते ते मागून, शेपटीपाशी, पायाच्या बोटांवर, आणि पुष्कळदा स्वस्थ बसलेल्या पिल्लाला. ज्याला टोचले त्याच्याशी त्याचे काही भांडण नसते.

1980 च्या दशकात नेदरलँड्समध्ये ब्लोखुइस यांनी हे दोन प्रकार वेगळे केले. काही पिल्ले त्यांनी भुश्यावर वाढवली, काही जाळीच्या जमिनीवर. जाळीवरची पिल्ले एकमेकांची पिसे जास्त टोचू लागली. त्यांचा निष्कर्ष असा, की ही चोच मुळात जमीन टोचण्यासाठी निघालेली असते. पिल्लू जन्मल्यापासून खाली दिसेल तो ठिपका टोचून पाहते. खाता येण्याजोगे काय आणि काय नाही, हे त्याला टोचूनच कळते. खाली टोचण्यासारखे काही नसेल तर शेजाऱ्याचे पीस हाच ठिपका. म्हणजे हा राग नव्हे, भुकेचाही नव्हे, चारा शोधण्याचा उद्योग आहे, फक्त चुकीच्या जागी चाललेला. हे वाचल्यावर आम्हाला ते वर्तमानपत्र आठवले. पिल्लांनी तूस खाऊ नये म्हणून पहिले तीन-चार दिवस तुसावर कागद पसरतात, ते बरोबर आहे. पण शिक्षकांच्या ब्रूडरमध्ये तो आठव्या दिवशीही तसाच होता. त्यावर रोज नवा कागद पडत होता, स्वच्छतेसाठी.

तरीही आईंचा प्रश्न पुरता सुटत नव्हता. तुसावरची पिल्लेही टोचतात. त्याचे उत्तर 2006 साली डेन्मार्कमध्ये झालेल्या कामात मिळाले. येन्सन आणि सहकाऱ्यांनी काही पिल्लांना उजेड न देणारा तापक लावलेली, कडेने झालर सोडलेली बुटकी छत्री दिली. आत ऊब आणि अंधार, बाहेर उजेड, दाणा आणि पाणी. या पिल्लांमध्ये पिसे टोचणे कमी झाले, आणि एकमेकांना टोचून मारण्याचे प्रमाणही. 2012 साली ब्रिस्टलच्या गिलानी, नोल्स आणि निकल यांनी प्रत्यक्ष व्यावसायिक शेडमध्ये हेच करून पाहिले, तेव्हाही अंधाऱ्या छत्रीतली पिल्ले पुढे कमी टोचणारी निघाली.

कारण समजायला कठीण नाही. बल्बाखाली शंभर पिल्लांतली चाळीस झोपलेली असतात आणि साठ उद्योगात असतात, सगळी एकाच उजेडात, एकाच जागी. झोपलेल्या पिल्लाची शेपटी आणि पाठ समोर स्पष्ट दिसत असते, ते हलतही नाही. उद्योगी चोचीला यापेक्षा सोपी वस्तू कुठली? आईखाली मात्र सगळी एकदम बसतात आणि जी बसतात ती दिसत नाहीत. रोमर यांच्या कातड्याच्या पेटीत हेच होत असणार. पुढे दोनशे वर्षांत पेटी सुधारता सुधारता आपण तिच्यातला अंधार काढून टाकला.

बाकीची कारणे खोटी नाहीत. मीठ किंवा मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडले, गर्दी झाली, खाद्याची भांडी अपुरी पडली, की टोचणे वाढते. पिसे मुख्यतः केराटिनची, त्यात गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर, म्हणून मेथिओनिनला महत्त्व. रक्ताचाही भाग आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्युअर यांनी एकेक कोंबडी न निवडता संपूर्ण पिंजऱ्याचे पिंजरे निवडून पैदास केली, तेव्हा चोची न कापलेल्या कोंबड्यांतला वर्षाचा मृत्युदर दुसऱ्या पिढीतील 68 टक्क्यांवरून चौथ्या पिढीत 8.8 टक्क्यांवर आला. त्यांनी ते 1996 साली प्रसिद्ध केले. आणि उपासमार असेल तर कोणतीच युक्ती चालत नाही. 2019 साली इस्लामपूरच्या एका कंपनीची कडकनाथ पालनाची योजना कोसळली, तेव्हा सांगली, सातारा, कोल्हापूरच्या शेतकऱ्यांकडे पक्षी तसेच राहिले आणि कंपनीकडून येणारे खाद्य थांबले. लोकांनी कर्ज काढून शेड बांधल्या होत्या. त्या शेडमधल्या पक्ष्यांच्या वर्तनाचा अभ्यास करायला कोणी गेले नाही, आणि जाण्याची ती वेळही नव्हती.

जर्मनीतील अंडी उत्पादकांनी 2017 पासून चोच कापलेल्या तलंगा घेणे स्वेच्छेने थांबवले. तिकडे आता गवताच्या पेंढ्या, टोचायला चुन्याचे दगड, आणि शेडमध्ये रोज फेरी मारून पहिली टोचलेली कोंबडी शोधणारा माणूस, यांवर भर आहे. आपल्याकडे लसूणघासाची जुडी पिल्लांच्या डोक्याइतक्या उंचीवर टांगण्याची पद्धत काही घरांत आहेच. ती युक्ती कोणाची हे कोणी सांगत नाही, पण ती ब्लोखुइस यांच्या निष्कर्षाला धरूनच आहे.

हे सगळे आम्ही त्या शिक्षकांना पत्राने कळवले, आणि पुढच्या खेपेला ब्रूडरमध्ये दोन बदल सुचवले. चौथ्या दिवशी कागद काढून टाकायचा. आणि तारेच्या बल्बऐवजी उजेड न देणारा सिरॅमिकचा तापक छत्रीत लावून छत्रीच्या कडेने जाड गडद कापडाची झालर सोडायची. झालरीला पट्ट्यापट्ट्यांचे काप असावेत म्हणजे पिल्लांना आत-बाहेर करता येते. ती तापकापासून दूर असावी, नाहीतर पेट घेईल. आणि पहिले दोन दिवस पिल्लांना हाताने आत सोडून वाट दाखवावी लागते, कारण दाखवायला आई नसते. बाहेर एक साधा एल.ई.डी. दिवा पुरतो. एल.ई.डी.वरून आठवले. तारेचे बल्ब दुकानात मिळेनासे झाल्यावर कोणी शंभर वॅटच्या 'तोडीचा' एल.ई.डी. ब्रूडरमध्ये लावला तर उजेड तेवढाच पडेल आणि पिल्ले मात्र गारठतील, हे मुलांना अवश्य सांगावे.

शिक्षकांचा फोन आला. त्यांनी पत्र आईंना वाचून दाखवले होते. आईंचे म्हणणे असे, की भारनियमनाच्या वर्षांत रात्री वीज जाई तेव्हा त्या शेडमध्ये कोळशाची शेगडी ठेवून तिच्यावर पालथे घमेले घालत, आणि त्या दिवसांतल्या पिल्लांनी टोचल्याचे त्यांना आठवत नाही. शेगडीने बंद शेडमध्ये विषारी वायू होतो, एक फट उघडी ठेवायलाच हवी, हे आम्ही घाईने सांगितले. "ते तिला ठाऊक आहे," शिक्षक म्हणाले. "तापक केवढ्याला मिळतो, ते विचारतेय."